पाण्याचा अंदाज: पाचवी ते सातवीच्या वर्गात चित्रकलेची तंत्रं

'आवडेल ते काढा' असं म्हटलं की चाळीस वह्यांत एकच चित्र उतरतं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचं झाड. साताऱ्यातल्या शाळेच्या खिडकीतून सपाट माथ्याचा अजिंक्यतारा रोज दिसतो, तरी वहीतला डोंगर टोकदारच असतो. या वयात मुलांना आपलं चित्र खऱ्यासारखं दिसावं असं वाटू लागतं. तसं दिसत नाही, म्हणून 'मला येत नाही' म्हणायलाही याच वयात सुरुवात होते. अशा वेळी दर आठवड्याला नवा विषय देऊन काही साधत नाही. विषय तोच ठेवून तंत्र बदललं, तर हात पुढे सरकतो.

एका तंत्राला सलग चार तास द्या. पहिल्या तासाला चित्र काढायचंच नाही, फक्त ठिपके, पट्टे आणि चुका करून पाहायच्या. दुसऱ्याला तळहाताएवढं चित्र, तिसऱ्याला पूर्ण चित्र आणि चौथ्याला उरलेलं काम व दुरुस्ती. तासिका पस्तीस मिनिटांची असेल तर वाटपात पाच आणि आवराआवरीत दहा मिनिटं जातात. हातात वीस उरतात हे धरूनच आखणी करा. माती आणि ठसेकाम यांना जोडतास लागतो. मुख्याध्यापकांकडून तो महिन्यातून दोनदा मागून घ्यावा.

वर्षाची आखणी मात्र पंचांगापेक्षा हवेकडे बघून करावी. जावळी, पाटण, महाबळेश्वर भागात आषाढ-श्रावणात जलरंग वाळतच नाहीत, म्हणून जलरंग दिवाळीनंतर होळीपर्यंत. मातीला उलट सावकाश वाळणंच मानवतं, त्यामुळे ती पावसाळ्यात घ्यावी. जत-आटपाडीकडच्या कोरड्या हवेत रंग ठशांच्या पॅडवरच सुकतो आणि मातीला तडे जातात. तिथे रंगात ग्लिसरीन आणि मातीवर ओलं गोणपाट हे दोन उपाय कायम हाताशी ठेवावेत.

सामान

पाच-पाच मुलांचे आठ गट करा. दर गटाला पाण्याचे दोन डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ), एक जुनं सुती फडकं, एक स्टीलची ताटली, चार नंबरचे दोन आणि दहा नंबरचे तीन गोल ब्रश. कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या हलक्या असतात आणि तासाला एक तरी कलंडतेच. तुपाचे किंवा वनस्पतीचे जड डबे बरे, आणि तेही एक तृतीयांशच भरावेत. रंगाच्या बाटल्या मुलांच्या हाती देऊ नयेत. पिवळा, लाल, निळा प्रत्येकी एक चमचा ताटलीत वाढावा. पांढरा मागितल्यावर आणि काळा अगदी शेवटी. तयार हिरवा-जांभळा दिला की मिश्रण शिकवायची संधीच जाते.

कागदावर काटकसर करू नका. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद दुसऱ्याच हाताला लोकरीसारखा सुटतो आणि मुलाला वाटतं की चूक आपलीच. बावीस बाय तीस इंची जाड कार्ट्रिज कागदाचे आठ तुकडे पाडले की साडेसात बाय अकराचा कागद मिळतो, म्हणजे चाळीस मुलांना पाच कागद पुरतात. ठसेकामाला आणि कोलाजला मात्र पातळ कागद चालतो, रद्दीसुद्धा.

पेन्सिल आधी उरकून घ्या

एचबी, टूबी आणि सिक्सबी एवढ्या तीन पेन्सिली पुरे. पाच चौकटींची पट्टी आखून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा भरायला सांगा. मधली तिसरी चौकट सगळ्यात अवघड जाते, म्हणून आधी दोन टोकं भरून मग मध्याकडे यावं. बोटाने घासून छटा मऊ करायची खोड लगेच मोडा. बोटाचा तेलकटपणा कागदावर बसतो, त्यावर पुढची पेन्सिल धरत नाही आणि खोडायला गेलं की राखाडी डाग पसरतो. वस्तुचित्राला सुरुवातीलाच चकचकीत स्टीलचा तांब्या ठेवू नये, त्यात प्रतिबिंबांचा गोंधळ असतो. मडकं किंवा लाल भोपळा चांगला. मिरजेत तर तंबोऱ्याचे वाळलेले भोपळे सतारमेकर गल्लीत टांगलेलेच दिसतात. त्यांच्या गोलाईवर उजेड हळूहळू कसा उतरतो ते पाहिलेल्या मुलाला छायांकन वेगळं समजवावं लागत नाही.

कागदाला वाफसा

जलरंगात सगळा खेळ ओलाव्याचा आहे, आणि तो समजावायला आपल्याकडे आयता शब्द आहे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर रान चिखलही नसतं आणि कोरडंही नसतं, तेव्हाच पेरणीची पाभर चालते. कागदाचंही तसंच. ओला केलेला कागद डोळ्यांच्या रेषेत तिरका धरून बघायला लावा. पाण्याचं तळं चमकत असेल तर रंग वाहून जाईल. तळं गेलं, पण मंद चमक दिसते आहे, तो वाफसा. याच वेळी रंग सोडला की तो मऊ कडेने पसरतो. चमक पूर्ण गेली की थांबायचं, वाळू द्यायचं. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की तो आधीचा रंग कडेला ढकलतो आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. मुलं तो डाग पुसायला पुन्हा ब्रश फिरवतात आणि चित्र बिघडतं ते तिथे. त्यावर इलाज एकच: हात काढून घ्या, पूर्ण वाळू द्या, मग त्याचा ढग किंवा झुडूप करा.

या तंत्राला डोंगररांगांसारखा विषय नाही. साताऱ्याहून यवतेश्वर, सज्जनगडाकडे पाहिलं की एकामागून एक रांगा फिकट होत जातात. आधी आकाराचं बोला: हे डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेले, म्हणून माथे सपाट आणि कडे पायऱ्यांसारखे. एवढं सांगितलं की त्रिकोण आपोआप गळतात.

पाच वाट्यांत प्रत्येकी पाच चमचे पाणी घ्या. जलरंगाच्या ट्यूबमधला निळा पहिल्या वाटीत मटाराच्या दाण्याएवढा एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत पाच, पाचवीत आठ दाणे. शेवटच्या दोन वाट्यांत किंचित तपकिरी मिसळा. इथे पोस्टर कलर नको. त्यात पांढरी भर असते, त्यामुळे पातळ केल्यावर तो खडूसारखा दिसतो आणि मागची रांग झाकून टाकतो. कागदाच्या वरच्या कडेखाली दोन वह्या ठेवून उतार करा. पहिल्या वाटीने सर्वांत लांबची रांग काढा आणि तिचा रंग थेट कागदाच्या तळापर्यंत ओढा. पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या वाटीने त्याखाली दुसरी रांग, तीही तळापर्यंत. मार्चमध्ये एक थर पाच-सात मिनिटांत वाळतो, म्हणजे एका तासाला दोन रांगा, फार तर तीन. हाताच्या मागच्या बाजूने हलकेच स्पर्श करून बघायचं. गार लागलं तर कागद अजून ओला आहे. घाई झाली की दोन रांगा एकमेकींत मिसळतात आणि एकच निळा डोंगर उरतो.

कागद फुगून पन्हाळी पडत असेल तर कागदी चिकटपट्टीने चारी कडा जुन्या परीक्षा-पॅडवर चिकटवा आणि चित्र वाळल्यावरच सोडवा.

मेण आणि पाणी

पावसाचं चित्र मुलं काळ्या रेघा मारून काढतात. त्याऐवजी पांढरी मेणबत्ती द्या. कोऱ्या कागदावर तिरक्या रेघा जोर लावून ओढायच्या, मग वरून पातळ राखाडी-निळा रंग फिरवायचा. मेण लागलेल्या जागी पाणी धरत नाही आणि पाऊस पांढरा उमटतो. कासच्या पठारावरची फुलं अशीच: आधी ऑइल पेस्टलने गुलाबी, पिवळे, पांढरे ठिपके, मग वरून हिरवा.

फसण्याची कारणं तीन. मेण हलक्या हाताने लावलं तर कागदाची छिद्रं उघडी राहतात आणि रंग आत शिरतो. रंग दाट असला तर तो मेणालाच झाकतो. पोस्टर कलर वापरत असाल तर एका चमच्याला सहा ते आठ चमचे पाणी हवं. आणि ब्रश पुन्हा पुन्हा घासला तर मेणावरही पातळ थर चढतो. एका दिशेने एकदा फिरवायचं आणि सोडायचं. पांढऱ्या मेणाने काय काढलं ते दिसत नाही अशी तक्रार येतेच, तेव्हा कागद उजेडाकडे तिरका धरायला सांगा.

याचंच उलटं तंत्र खरवडकामाचं. ऑइल पेस्टलचे दाट रंगीत पट्टे, त्यावर काळा पोस्टर कलर, आणि वाळल्यावर संपलेल्या रिफिलीने खरवडायचं. काळा रंग मेणावर गोळे होऊन थांबतो. दोन चमचे रंगात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकले की नीट पसरतो.

घडीचं प्रतिबिंब

सांगलीच्या मुलांना कृष्णेवरचा 1929 चा आयर्विन पूल पाठ असतो. कमानी आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब यासाठी हात कितीही चांगला असला तरी दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत, म्हणून कागदाला काम करू द्या. कागद आडवा मधोमध दुमडा आणि उघडा. खालचा अर्धा भाग ओल्या फडक्याने दमट करून ठेवा. वरच्या भागात घडीच्या रेषेपासून सुरू करून एकच कमान रंगवा, लगेच घडी घाला, तळहाताने दाबा, उघडा. मग दुसरी कमान. सगळा पूल रंगवून शेवटी घडी घातली तर पहिल्या कमानी तोवर सुकलेल्या असतात आणि प्रतिबिंब अर्धंच उमटतं. इथे दाट पोस्टर कलर हवा, दह्यासारखा. शेवटी खालच्या भागात स्वच्छ ओल्या ब्रशने दोन-चार आडवे फटकारे मारले की पाणी हलतं.

ठसे: भेंडीपासून पुठ्ठ्यापर्यंत

भेंडी आडवी कापली की नक्षीदार चाक मिळतं. बहुधा पाच कप्प्यांचं, कधी जास्त. पाचवीला एवढं पुरतं. बटाटा कापणं शिक्षकाचं काम. अर्ध्या बटाट्यावर मुलांनी बोथट खिळ्याने किंवा चमच्याच्या दांड्याने नक्षी कोरायची. कापलेल्या बटाट्याला पाणी सुटतं आणि पहिले ठसे पुसट येतात, म्हणून तो दहा मिनिटं फडक्यावर पालथा ठेवावा. स्टँपपॅडसाठी ताटलीत भांडी घासायचा स्पंज, त्यावर दोन चमचे पोस्टर कलर आणि अर्धा चमचा पाणी. बटाटा थेट रंगात बुडवला की कोरलेली जागा भरून जाते आणि कागदावर नुसता गोल उमटतो. ठसा मारताना कागदाखाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या ठेवा. कडक बाकावर ठशाची फक्त कड उमटते.

आठवीत एलिमेंटरी ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांना संकल्पचित्रात पुनरावृत्ती आणि रिकाम्या जागेचा तोल सांभाळायचा असतो. त्याची तयारी इथेच होते. कागदावर पाच सेंटिमीटरच्या चौकटी आखा. पहिल्या ओळीत प्रत्येक चौकटीत एक ठसा, दुसऱ्या ओळीत अर्धी चौकट सरकवून. साडीच्या काठाची उदाहरणं घरूनच येतील.

सहावी-सातवीला पुठ्ठ्याचा ठसा द्यावा. थर्माकोलच्या ताटल्यांवर कोरून छापणं सोपं असतं, पण 2018 पासून राज्यात त्यांवर बंदी आहे. पुठ्ठा फुकट आहे आणि जास्त शिकवतोही. बुटाच्या खोक्याचा पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचा तुकडा पायाला. त्यावर जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे आकार, सुतळी, गोणपाटाचा तुकडा, वाळकी पानं फेविकॉलने चिकटवा. उंची सगळीकडे साधारण सारखी हवी. सुतळीशेजारी पातळ पान चिकटवलं तर पान छापलंच जात नाही. एक दिवस वाळू द्या. मग फेविकॉल आणि पाणी समसमान करून सगळ्यावर एक हात फिरवा आणि पुन्हा वाळवा. हा थर लोक वगळतात, आणि मग पहिल्याच छपाईत पुठ्ठा रंग पितो, दुसऱ्या छपाईला आकार उखडून येतात.

रोलर नसेल तर कापसाची लिंबाएवढी पुरचुंडी सुती कापडात बांधा आणि तिने रंग थापा. पुसायचा नाही, थापायचा. पोस्टर कलर दोन-तीन मिनिटांत सुकायला लागतो, म्हणून पाच चमचे रंगात एक चमचा ग्लिसरीन घाला. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं, रंगाला वेळ मिळतो. पण पावसाळ्यात तेच जास्त झालं तर छापलेला कागद दुसऱ्या दिवशीही चिकट राहतो. तेव्हा अर्धा चमचाच. कागद वर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. एक कोपरा उचलून बघा, फिकट असेल तर तो परत टेकवून तिथेच घासा. नाव घालणाऱ्यांना आधी सांगा: अक्षरं उलटी चिकटवायची. तरी निम्मी मुलं सुलटीच चिकटवतील. उलटं छापलेलं स्वतःचं नाव वाचायला जी गंमत येते, ती येऊ द्यावी.

हळदीचा कागद

हळदीसाठी सांगलीची पेठ प्रसिद्ध, तिथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मग रंगाच्या तासाला ती बाहेर का ठेवायची? हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचंच हे तंत्र. दोन चमचे हळद पाव वाटी पाण्यात कालवून रुंद ब्रशने कागदावर लावा आणि सावलीत वाळवा. हळद पाण्यात विरघळत नाही, रवाळ थर बसतो. वाळल्यावर कोरड्या फडक्याने झटकला की खाली पिवळा कागद उरतो. आता कपड्याच्या साबणाच्या दाट पाण्यात ब्रश बुडवून चित्र काढायचं. रेषा लालसर तपकिरी उमटतात. चुन्याच्या निवळीने रंग आणखी गडद येतो, पण चुना हाताला आणि डोळ्याला झोंबतो, तो मुलांना देऊ नये. चुकलेल्या रेषेवर लिंबाचा थेंब लावला की ती परत पिवळी होते. या तंत्रातलं खोडरबर म्हणजे लिंबू. हे कागद उन्हात किंवा खिडकीसमोर लावू नका, काही दिवसांत पिवळा रंग उडून जातो.

माती: बेंदराच्या आधीचे तीन आठवडे

आपल्याकडे आषाढात बेंदूर असतो, मातीच्या बैलांची जोडी घरोघरी येते. मातीकाम त्याआधी सुरू करा, म्हणजे मुलांचे बैल सणाला वाळून रंगवून तयार होतात.

शेतातली काळी माती आणू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात तशाच बैलालाही पडतात. कुंभाराकडची मळलेली माती सर्वांत उत्तम. नाही तर शाडू. दर मुलाला चारशे ग्रॅम, शिक्षकाला आणि दुरुस्तीला चार किलो, म्हणजे चाळीस मुलांना वीस किलो. शाडूची भुकटी असेल तर पाणी थोडं थोडं घालून आदल्या दिवशी मळून ओल्या गोणपाटात ठेवावी. पारख अशी: बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडे गेले तर कोरडी, बोटाला चिकटली तर ओली.

बैलाचं धड आणि पाय एकाच गोळ्यातून ओढून काढा. वेगळे पाय चिकटवले की अर्धे वाळताना गळतात. पाय अंगठ्याएवढे जाड आणि आखूड असू द्यात, आणि वाळेपर्यंत पोटाखाली रद्दीचा बोळा टेकू म्हणून ठेवा. वशिंडही ओढूनच काढायचं. शिंगं मात्र जोडावी लागतात. माणदेशाकडचा खिलार डोळ्यासमोर आणा: शिंगं लांब, मागे वळून वर गेलेली. मुलं बहुतेक वेळा चंद्रकोरीसारखी शिंगं करतात. वळी टोकाकडे निमुळती करा. डोक्यावर आणि शिंगाच्या बुडाला खिळ्याने आडवेतिडवे ओरखडे काढा, दोन्हीकडे ताकासारखा पातळ चिखल लावा, दाबा आणि सांध्यावर माती ओढून घ्या. ओरखडे न काढता नुसतं पाणी लावून चिकटवलेलं शिंग वाळल्यावर टपकन पडतं. आत खराट्याची काडी घालायची युक्ती मुलं स्वतःच शोधतात. ती थांबवा: माती आकसते, काडी आकसत नाही, आणि शिंग काडीवरच उभं चिरतं.

शिंगं पातळ असल्याने धडाच्या आधी वाळतात, मग सांध्याला भेग पडते. म्हणून पहिले दोन दिवस शिंगांवर ओल्या कापडाची चिंधी आणि सगळ्यावर सैल प्लास्टिक. नंतर सावलीत उघडं ठेवायचं. पावसाळी हवेत पूर्ण वाळायला दहा-बारा दिवस जातात. वाळलेली माती फिकट होते आणि गालाला लावली तर गार लागत नाही. त्याआधी रंगवलं की रंगाचे पोपडे निघतात. आधी पांढऱ्याचा एक हात, मग बाकीचे रंग. शाडूचा बैल भाजायला देऊ नये. कुंभाराच्या मातीचा देता येतो, पण पोट तीन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर खालून कोरून पोकळ करा; आत अडकलेल्या ओलीची भट्टीत वाफ होते आणि बैल फुटतो.

हात नळाखाली धुवायचे नाहीत, शाळेची मोरी तुंबते. दोन बादल्या ठेवा, पहिलीत चिखल, दुसरीत स्वच्छ. पहिलीतलं पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं झाडांना घाला. तळची माती आणि मोडलेले, न रंगवलेले बैल बारीक करून एकत्र भिजवले की पुढच्या वर्गाला तीच माती पुन्हा वापरता येते.

कोलाजबद्दल एवढंच

कात्री पहिल्या तासाला देऊ नका. फाडलेल्या कागदाला पांढरी कड येते आणि तीच डोंगराची कड, नदीचा फेस होते. मासिकाचा गुळगुळीत कागद फेविकॉलने सुरकुततो. गोंद कागदाच्या तुकड्याला न लावता खालच्या कागदाला पातळ लावा.

औंधला सहल गेली तर

यमाईच्या डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभं केलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी शिल्प एका छताखाली बघायला मिळणारी जागा खटाव तालुक्यात आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवावं. आत फक्त पेन्सिल आणि वही न्यावी. पूर्ण चित्राची नक्कल सांगू नका, ती कुणालाच जमत नाही आणि अर्धा तास वाया जातो. प्रत्येकाने एक हात, एक पदराची चुणी किंवा एक दागिना निवडायचा आणि दहा मिनिटं तेवढंच काढायचं. शिल्पासमोर तीन बाजूंना उभं राहून तीन छोट्या बाह्यरेषा. परतल्यावर पुढच्या तासाला मातीचा गोळा द्या आणि वही उघडी ठेवून त्या तीन रेषांवरूनच आकार घडवू द्या. जिथे वहीतली रेषा अपुरी पडेल तिथे मुलं थांबतात आणि विचारतात, 'मागून कसं होतं?' तेव्हा उत्तर सांगू नका. शेजारच्याची वही बघायला सांगा, त्याने दुसऱ्या बाजूने काढलेलं असतं.